वासे मोजणारा

खाल्ल्या घरचे वासे मोजणं हाच माझा धंदा.
डुलुथच्या चढावरच्या घरांत जातो,
मिळाली तर कॉफी घेतो, बोट वाकवून भिंतीवर टकटक करतो,
आत लाकूड कुठे आहे ते सांगतो.
पंचावन्न इंची टीव्ही : एकशे चाळीस डॉलर.
वायर भिंतीत लपवायची तर साठ वर.
वीट असेल तर आणखी चाळीस, बिटं मोडतात.
जुना टीव्ही तळघरात न्यायचा असेल
तर जिना बघून सांगतो.

हिएतालांच्या घरासाठी फोन मुलाने केला, अ‍ॅरिझोनातून.
पैसे कार्डावरून आधीच भरले.
"बाबांना पलंगावरून दिसायला हवं," म्हणाला,
आणि फोन ठेवता ठेवता,
"ते हल्ली बोलत नाहीत."

जेवणाची खोली. टेबल हलवलेलं,
त्याच्या पायांच्या चार खुणा गालिच्यात तशाच.
तिथे आता दवाखान्यातला पलंग,
कळ दाबली की डोक्याकडून उचलला जाणारा.
खिडकीत तलाव, आणि लोहखनिजाचं एक लांबलचक जहाज,
निघालंय की थांबलंय, कळत नव्हतं.
समोरची भिंत कोरी.
म्हणजे अगदी कोरी. फोटो सगळे बाजूच्या भिंतींवर,
तेही छताजवळच्या पट्टीवरून दोरीने सोडलेले.

"रेइनोने स्वतः गिलावा केलाय तिचा," लेम्पी म्हणाल्या,
"आमचं लग्न झालं त्या हिवाळ्यात.
तेव्हापासून एक खिळा मारू दिला नाही कुणाला.
माझ्या आईचं घड्याळ अजून खोक्यात आहे."

मी भिंतीला तळहात लावला.
फिरवत गेलो तर कुठे थांबावं कळेना.

यंत्र लावलं. यंत्र बावचळलं :
गिलाव्यामागे आडव्या पट्ट्यांची दाटी,
त्याला जिथे तिथे लाकूडच लाकूड.
मग टकटक.
पोकळ, पोकळ, पोकळ, जरा कमी पोकळ.
पेन्सिलीने फुली मारली, ड्रिल उचललं.

पलंगाच्या कठड्यावर अंगठी वाजली.
एकदाच.
वळून बघितलं. डावा हात. उजवा पांघरुणाखाली.
मी फुलीवर बोट ठेवलं. काही नाही.
बोट डावीकडे सरकवलं, एक इंच, दोन,
अडीचवर अंगठी पुन्हा वाजली.

तिथे भोक पाडलं. बिटला गुंडाळून पिवळसर भुसा आला
आणि राळेचा वास,
इतक्या वर्षांनी.
पुढचा वासा मी नियमाप्रमाणे सोळा इंचांवर धरला होता.
त्यांनी साडेसतरावर धरला.
त्यांचं बरोबर निघालं.

चार भोकं. चार बोल्ट.
खाली वर्तमानपत्रावर सांडलेली पांढरी पूड
लेम्पींनी चिमूटभर उचलून त्यांच्या हातावर ठेवली.
अंगठ्याने बोटावर चोळून बघितली त्यांनी,
पिठाची जात बघावी तशी,
आणि मूठ मिटली.

टीव्ही लागला. आइस हॉकी.
आवाज आधी फार मोठा, मग बंदच.
मला वेलचीचा पाव मिळाला, वर लोणी. दोन तुकडे खाल्ले.
निघताना पाहिलं तर ते खेळ बघत नव्हते,
टीव्हीच्या खालच्या कोपऱ्याशी बघत होते,
जिथे माझ्या ड्रिलने नखाएवढी कपची उडवली होती.
त्याचा दर माझ्या कागदावर नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा अ‍ॅरिझोनाचा फोन.
घर विकायला काढलंय.
टीव्ही उतरवायचे किती?
सत्तर, म्हटलं.
"आणि भोकं बुजवायचे?"
बुजवीन, म्हटलं, त्याचे काही नको.
पण दिसतील.