टोपीखालचं अक्षर

हर्णै बंदर. मच्छीमार सोसायटीची वायरलेसची खोली.
जुना टर्मिनल, हिरवी अक्षरं,
चाव्यांवर मिठाची साय.
रात्रींच्या नोंदी नव्या यंत्रात न्यायला मला बोलावलेलं.

फाईल उघडली की पडद्याला वारं भरतं.
ओळीवर ओळ चढते,
मधूनच घंटा वाजते, कुणी न वाजवता.
आत काही अक्षरं होती जी दिसायला जन्मलेलीच नव्हती:
घंटा दे, मागे सर,
ओळीच्या काठाला परत जा, ओहोटीसारखी.
काम झालं की नाहीशी.

मी आठ ओळींचं फंक्शन लिहिलं.
त्याला अक्षर द्यायचं.
बत्तीसच्या आतलं असेल तर
चौसष्ट मिळवायचे, पुढ्यात एक टोपी ठेवायची.
सात म्हणजे घंटा, तिचा झाला टोपीवाला जी.
आठ म्हणजे एक घर मागे, त्याचा एच.
एकशे सत्तावीसला बेरीज चालत नाही,
त्याला सरळ प्रश्नचिन्ह.

मग कार्तिकातली ती रात्र वाचता आली.
‘दर्यादौलत, खलाशी सात, जबाब नाही.’
टोपी जी, टोपी जी, टोपी जी.
खोलीत मोरेश्वर चोगले एकटाच,
घंटा कुणासाठी?
पुढे रोमन लिपीतली सहा अक्षरं: बुडाली.
आणि लगेच सहा एच,
ओळीनं उभे, टोप्या घातलेले,
मयताला आल्यासारखे.
वरून लिहिलेलं, ‘संपर्क तुटला’.
तासाभरानं पुन्हा तेच. पुन्हा सहा.
चार वेळा.

तिसऱ्या दिवशी होडी जयगडला लागली होती,
इंजिन बंद, डोलकाठीला चादर,
सातही जण शिव्या देत.

चोगले आता बर्फाच्या फॅक्टरीत लाद्या फोडतो.
मी कागद नेऊन दाखवला.
ओल्या बोटानं त्यानं एकेक टोपी मोजली.
‘खोडलेला वाचायचा नसतो, गो बाय.
खोडला म्हणून तर आले ते.’

फंक्शन मी लायब्ररीत आहे तसंच ठेवलं, ते खोटं बोलत नाही.
हर्णैच्या फाईलपुरतं मात्र
आठाला आठच राहू दिलं:
त्यानं मागे सरावं,
आणि वरून लिहिलेलं तेवढं दिसावं.

सातालाही हात लावला नाही.
ती रात्र उघडली की तीनदा वाजते,
पार बर्फाच्या फॅक्टरीपर्यंत.