डाव्या हाताचा चाकू

पाचशेची एकच नोट, चार घड्यांची.
त्यातले चाळीस अस्नोड्याच्या बसचे, येता-जाता.
उरलेल्यात चाकू. आणि जमलं तर बांगडे.
हे अर्थात दुकानात सांगायचं नसतं.

म्हापशाचा शुक्रवार. चोरीसच्या माळा ओलांडून
मिंगेलबाबचं दुकान: कुलपं, बिजागऱ्या, उंदरांचे सापळे,
आणि काचेखाली घडी घालून निजलेले चाकू,
ज्यांना तो अजून ‘कानिवेत’ म्हणतो,
पोरांना बाप्तिस्म्याच्या नावानं हाक मारावी तसं.

आधी काढला तो, मुठीवर माड रंगवलेला.
टूरिस्ट नेतात, म्हणाला.
मी म्हटलं, मला मानकुरादची कलमं बांधायचीत.
मग काढला अठराशेचा. काळा, देखणा.
मिटताना असा आवाज,
की कुणी मुद्द्याचं तेवढं बोलून गप्प बसावं.
मी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला,
आणि ठेवून दिला.
अठराशे म्हणजे माझे चार दिवस
आणि पाचव्या दिवसाची जेवणाची सुट्टी होईपर्यंत.

स्वस्तातले अकरा होते.
एकेकाचं पातं उघडून बाजूला ढकलून पाहिलं:
जे डुगडुगतं ते सालीत तिरपं जाणार.
मिटून उजेडासमोर धरलं: मधोमध बसतंय,
की एका भिंतीला चिकटतंय रुसलेल्या जावेसारखं.
पात्याच्या पाठीवर थाप मारली.
मिटू नये म्हणजे मिटू नये.
गेल्या आषाढात एक मिटला होता,
हे बघा, पाच टाके.

खरी अडचण निराळीच. मी डावखुरी.
खटके सगळे उजव्या अंगठ्याची वाट बघत बसलेले,
माझा अंगठा पलीकडून चाचपडतो,
बंद दाराची कडी बाहेरून शोधावी तसा.
शाळेत पट्टी बसली, देवळात हात बदलायला लावला,
आता अकरा चाकूही तेच म्हणत होते.

मिंगेलबाबनं चष्मा कपाळावर चढवला.
‘दाव्या हाताची गे तूं?’
आणि बिजागऱ्यांच्या खणातून एक बारावा काढला.
लाकडी मूठ, एका कडेला डाग,
खटका पाठीवर, कुठल्याच बाजूचा नव्हे.
‘साडेतीनशे. पूण गंजता. पुसून दवर.’

खोटं बोलला असता तर मी निघाले असते.
जे गंजतं तेच धार धरतं,
निसण्यासमोर वीस वर्षं बसून एवढं कळलंय.

पिशवीतून ओल्या फडक्यातली काडी काढली.
दुकानात, कुलपांच्या मधोमध,
एकच तिरका काप दिला, स्वतःकडे ओढून.
साल चुरगळली नाही. लाकूड पाण्यासारखं चमकलं,
आणि चिकाचा वास सुटला, हिरवा, तिखट.
सापळा बघायला आलेला माणूस सापळा विसरला.

धार दोन्हीकडून होती, मला एकीकडून हवी.
म्हणजे दोन संध्याकाळी निसण्यावर.
तेवढ्याचे तीस कमी कर म्हटलं.
त्यानं केले, कुरकुरत, नोट उजेडात धरून.
उरल्या पैशांत शंभराचे बांगडे आले,
थोडे मऊ, पण आले.

बांगडे मात्र जुन्याच सुरीनं.

रात्री कामावरचा शर्ट काढून बसले,
साडीवरून घालते तो, दिराचा.
खिसा डाव्या छातीवर. म्हणजे उजव्यांसाठीच.
इतकी वर्षं कसं दिसलं नव्हतं कोण जाणे.
खिसा उसवला, उजवीकडे शिवला,
टाके वाकडे, पण घट्ट,
आणि दोरा दातानं तोडायला गेले,
तेव्हा आठवण झाली.