बॅच

जांभळी नाक्यावर दुकानदाराने दोन लाद्या पुढे केल्या:
ही कंपाउंड. वितळवा, ओता, झालं.
ही खरी. हिचे नखरे असतात. दुप्पट भाव.
मी पहिलीवर हात ठेवला होता.
ह्यांनी दुसरी उचलली, कागदावरूनच वास घेतला
आणि ऐरोलीपर्यंत रिक्षात मांडीवर धरून बसले.

रबाळ्याची कंपनी मार्चात बंद पडली.
सव्वीस वर्षं रिअ‍ॅक्टरचा एकही आकडा खोटा न लिहिलेला माणूस
आता माझ्या ओट्याशी.
पातेल्यावर पातेलं. खालचं पाणी नुसतं कुजबुजतंय.
"पंचेचाळीसच्या वर नको,"
रात्रपाळीत फोनवर बोलायचे, त्याच आवाजात.
चमच्याचं टोक ओठाला लावून थांबले. मान हलवली.

तेवढ्यात माझ्या बांगडीवरचा थेंब पडला.
एकच.
चकचकीत काळोखाची बघता बघता ओली वाळू झाली.

"बॅच गेली."
उद्या लोंढेबाईंच्या नातवाचं बारसं, साठ नग.
मी सिंककडे बघत राहिले.
त्यांनी दूध तापवलं, त्या वाळूत घालत, घोटत राहिले,
दोन पेले भरले.

मग कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून
पट्टीने रेघा मारल्या:
वेळ नऊ चाळीस. तापमान त्रेचाळीस.
कारण:
दमट हवा.