सतरावी सही

ओआमारूत सगळं पांढऱ्या दगडाचं,
बँकाही चर्चसारख्या उभ्या.
डनीडनहून दीड तास गाडी हाकत मी आलो,
शेजारच्या सीटवर लिलावघराचे कोरे फॉर्म.

नोएलीन ट्रेगिअर, वय शहाऐंशी,
माजी कर्णधार, राष्ट्रीय महिला संघ.
दार उघडताच म्हणाली, पाय पूस,
आणि धपधप चालू नकोस,
फळ्यांखाली पेंग्विन अंड्यांवर बसलीय.

टेबलावर सगळं मांडूनच ठेवलेलं.
ब्लेझर, कोपरावर ठिगळ,
(कापडाचे पैसे पोस्टातल्या पगारातून,
तीन हप्त्यांत).
स्वतः शिवलेला स्कर्ट, डाइव्ह मारायला गैरसोयीचा.
घाम पिऊन पुठ्ठा झालेले ग्लव्ह्ज.
स्कोअरबुक, चौऱ्याहत्तर धावांच्या पानावर जॅम.
मी एकेकाला चिठ्ठी बांधत गेलो.
दोरा संपला तेव्हा तिनं लोकर दिली,
हिरवी.

मग बॅट.
इंग्लंडच्या दौऱ्यातली, सतराच्या सतरा सह्या,
शाई चहासारखी फिकुटलेली.
अशी दुसरी नाही, मी म्हणालो,
आणि किंमत मनातल्या मनात दुप्पट केली.

पडताळणीसाठी तिची आजची सही हवी होती.
तिनं पेन धरलं. पेननं तिला धरलं नाही.
ट्रेगिअरचा टी कुंपणावरून कोलमडला,
शेवटचा आर कागदाबाहेर गेला.
मी भिंग लावलं. जुनीशी जुळेना.
तसं तिला सांगावं लागलं.
"म्हणजे मी खोटी," ती म्हणाली,
आणि चीज रोलची ताटली पुढे सरकवली.

बराच वेळ ती बॅटकडेच बघत होती.
मग नखानं तळाची एक सही दाखवली:
हुहाना तिपा. डावखुरी फिरकी.
"ही माझी आहे."

कोलंबोला बोट लागली आणि तार आली.
हुहानाची आई गेली होती.
परतीची बोट नऊ दिवसांनी.
ती बंदरावर उतरली, एक पेटी घेऊन,
आम्ही कठड्यावरून हात हलवत राहिलो,
काय ओरडावं ते सुचेना.
नंतर वूस्टरच्या दुकानात बॅट आली सह्यांना.
सोळा झाल्या. खाली जागा उरली.
तिची सही मला पाठ होती,
भत्त्याच्या वहीत रोज बघायचे.
साखरेच्या पुडीवर चार वेळा गिरवली,
आणि पाचव्यांदा इथे.

तिला कधी सांगितलंत?
"ती परत खेळलीच नाही.
धाकटी भावंडं होती पाच.
मी एकदा मोएराकीला गेले होते,
तिनं मासे तळले.
बॅटचा विषय निघाला नाही."

माझ्या फॉर्मवर तीन चौकटी आहेत:
खरी, खोटी, शंकास्पद.
तिनं पेन मागून घेतलं
आणि माझ्याच कागदाच्या मागे लिहिलं
हुहाना तिपा.
तीही थरथरली. पण कमी.
किंवा मलाच तसं बघायचं होतं.
मी भिंग लावलं नाही.

सोळा धरल्या तर किती येतील?
अर्धे, मी म्हणालो. अर्ध्याहून कमीच.
"मग अर्धे लाव.
पण खोडू नकोस तिला.
एकदा उतरलीय ती बोटीवरून,
तेवढं पुरे."

खाली जमिनीत काहीतरी खाकरलं,
गाढवाच्या पिल्लासारखं.
नर आला वाटतं समुद्रावरून, ती म्हणाली,
आणि घड्याळ बघितलं, जणू त्याला उशीर झाला होता.

बाहेर अंधार पडलेला.
बॅट मी माझ्या कोटात गुंडाळली,
मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावला.
फॉर्मवर संख्येच्या रकान्यात सतरा,
चौकटी तिन्ही रिकाम्या.
पाल्मरस्टनच्या वळणापर्यंत गाडीत वास होता
जवसाच्या तेलाचा, आणि थोडा चीजचा.
साहेब विचारतील उद्या.
विचारू देत.