पत्ता

प्रणालीनं लाइटबिलाच्या मागं लिहून दिलंय:
कोपरखैरणे, पालिकेची शाळा, दुसरा मजला,
मंगळवार, साडेसात.
खाली एक रेघ, पेन दाबून ओढलेली.
बाकी काही बोलली नाही.

मला या नोडात कुठलाही पत्ता विचारा,
मी दुकानावरून सांगतो.
तीन टाकीच्या पुढं सकाळी सातला
अर्धं शटर उघडणारं,
त्याच्या मागची तुमची सोसायटी.
कुठं उधारी चालते, कुठं चणे फुकट,
कुठला पोऱ्या बाटली न मागता पेपरात गुंडाळतो,
सेक्टरवार पाठ आहे.
शाळा सापडेना.

इस्त्रीवाल्याला विचारलं.
या टायमाला शाळेत काय?
म्हणालो, पालकसभा.
तो म्हणाला, कितवीला आहे?
मी पुढं सटकलो.

गेटवरची पाटी वाचली तेव्हा आठवलं,
पोरगी चौथीपर्यंत इथंच होती.
फी नव्हती, गणवेश फुकट,
मी कधी आत आलोच नव्हतो.

वॉचमन म्हणाला, मीटिंगवाले का?
म्हटलं, अजून ठरलं नाही.
त्यानं बॅटरी मारली जिन्यावर.
बल्ब गेलाय. आणि चपला बाहेर काढू नका,
मागच्या आठवड्यात दोन जोड गेले.

हात खिशात ठेवूनच चढलो.
कांदा-बटाटा मार्केटात तोलणार आहे मी.
काटा थांबला की आकडा ओरडायचा,
एवढंच काम, बावीस वर्षं.
हल्ली काटा थांबतो,
हात थांबत नाही.

तिसरी ब.
फळ्यावर खडूनं: पट ४१, हजर ३६.
आणि त्या बुटक्या बाकांवर
गुडघे हनुवटीला लावून बसलेली
दहा-अकरा मोठी माणसं.
कुणी उठलं नाही. एकानं दप्तरासारखी
आपली पिशवी उचलून जागा केली.

एक बाई होत्या, चष्मा, बँकेतल्या वाटाव्या अशा.
मी धरून चाललो, कुणाची तरी बायको असणार.
त्या म्हणाल्या, मी हेमलता,
माझे दोनशे सहा दिवस.
मी खाली बघितलं.
बाकावर कुणीतरी कर्कटकानं
'रेहान ढ आहे' असं कोरलेलं.

हिराजी घणसोलीचा.
म्हणाला, साडेबारा टक्क्यांत प्लॉट आला होता,
खाडीकडचा, कोपऱ्यावरचा.
तो मी प्यालो.
पाया, जोतं, वरचे तीन मजले, सगळं प्यालो.
कुणीतरी हसलं, तोही हसला,
मग बराच वेळ नुसता पंखा.

माझी पाळी.
घरून ठरवून आलो होतो, पाच दिवस सांगायचे.
मार्केटात मी बिल्ला नंबर.
घरी इंदू भिंतीकडं बघून बोलते,
तिला नाव लागत नाही.
सर्जेराव, म्हणालो,
आणि आवाज काट्यावर निघतो तसा निघाला,
खाली वॉचमनपर्यंत गेला असेल.
पुढचा आकडाही त्याच आवाजात आला:
आज सकाळी सहा वाजता. नव्वद.

कुणी चुकचुकलं नाही.
हेमलताबाईंनी वहीत काही लिहिलं नाही.
चहा आला तर माझा कप अर्धाच.
वाटलं, नव्याला एवढाच देत असतील.
हिराजी कानाशी म्हणाला,
आधी सगळ्यांना अर्धाच.
हात थांबले की वरचा ओततो.

त्याच्या कपातही अर्धाच होता.

नऊला सुटलो.
शाळेपासून घर अकरा मिनिटं,
पण त्या वाटेवर चार शटरं लागतात
आणि चारही मला नावानं ओळखतात.
म्हणून मग गार्डनच्या मागून, नाल्याकडेनं,
जिथं काहीच विकत नाहीत अशा गल्ल्या धुंडत गेलो.
दोनदा चुकलो.
पाऊण तास लागला.

प्रणाली दारातच होती.
तोंडाचा वास घ्यायला पुढं वाकली,
मी वाकू दिलं.