राणीचा उजवा हात

मळ्यातल्या त्या निळ्या घरात, जिन्याच्या वळणावर
ती दोनशे वर्षं उभी होती,
मेणबत्त्यांच्या धुरानं, दमट वाऱ्यानं तपकिरी झालेली.
पितळी पाटीवरचं नाव पुसून पुसून गेलंय.
कोण, कुठली, कुणाची, एर्मेलिंदबाईंना ठाऊक नाही.
"राणी होती. बाहेरून आणलेली," एवढंच.
बाजारातून भाजी आणावी तसं म्हणाल्या
आणि मला चहा विचारला.

मी काडीला कापूस गुंडाळते, जिभेवर ओला करते.
हसू नका. जुन्या तैलरंगाला थुंकीइतकं सौम्य
दुसरं काही नाही, असं आम्हाला शिकवतात.
पहिल्या आठवड्यात कपाळ.
दुसऱ्यात डावा गाल, त्यावर देवीचे तीन व्रण.
चित्रकारानं ते दडवले नव्हते,
मागाहून कुणाला तरी लाज वाटली, त्यानं गुलाबी केले.

काम करताना मी तिच्याशी बोलते. मराठीत,
कारण तिला कळणार नाही आणि मला संकोच वाटणार नाही.
तुझ्यासारख्यांची लग्नं म्हणे माहेरीच लागायची,
नवरा दुसऱ्या देशात, त्याच्या जागी काका उभा!
आमच्याकडे अशा वेळी खांडा धाडायचे, म्हटलं, तलवार.
ती बरी. तिला निदान तोंड नसतं.
मग हद्दीवरच्या तंबूत कपडे उतरवायचे,
दासी परत, कुत्रं परत,
आणि नवं नाव, जे तुला धड उच्चारताही येत नसेल.

माझं ताटातल्या तांदळावर लिहिलं. अंगठीनं.
सुलक्षणा.
मी मान खाली घालून वाचलं,
कुणीतरी म्हणालं, आता पेढे वाटा.
तेच तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले.
मीही दोन घास खाल्ले.

पाचव्या आठवड्यात उजवा हात.
हातात पंखा, जाड रंगाचा, जरा बटबटीतच.
कडेला कापूस फिरवला तर खालून पांढरं डोकावलं.
पत्र. पंख्याखाली पत्र.
भिंग लावलं: ओळी होत्या,
पण अक्षरं नव्हती, नुसत्या नागमोडी रेघा.
चित्रकाराला तिची भाषा येत नसावी.
किंवा तिनंच सांगितलं असेल, इतकंच काढ.

एर्मेलिंदबाई चष्मा पुसत आल्या, बराच वेळ बघत राहिल्या.
त्याही मडगावहून आलेल्या, एकोणिसाव्या वर्षी,
पियानो मागे ठेवून.
"पंखाच राहू दे," म्हणाल्या.
"पत्र दिसलं की लोक विचारतात, कुणाचं."
मालकीण त्या. मी मान डोलावली.
फक्त अंगठ्याजवळची नखाएवढी जागा
मी परत रंगवली नाही.

संध्याकाळी रायबंदरची फेरीबोट, पलीकडे चोडण.
पाणी ओसरलेलं, खारफुटीच्या चिखलात खेकड्यांची भोकं.
दारातून सासूबाई हाक मारतात, सुलक्षणा,
चांगल्या आहेत हो, माझ्या वाट्याचं हुमण झाकून ठेवतात,
सव्वीस वर्षं झाली,
आणि मी अजून
एक श्वास उशिरा ओ देते.