वेल उचलायचा राहिला

मे महिन्यात वरंबे ओढले, तुझ्याच फावड्याने.
कोंब आडवे निजवले, चार पानं वर.
एवढं मला ठाऊक होतं.

साकुराजिमाचा डोंगर समोर खोकत राहिला.
राख पडली पानांवर, दोरीवरच्या सदऱ्यावर;
मी झाडून पिवळ्या पिशवीत भरली
आणि वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी
कोपऱ्यावर उभी केली.

वेल पळाला.
टोमॅटोच्या काठ्यांखालून, नळाला वळसा घालून
थेट इवाकिरीबाईंच्या कुंपणापर्यंत.
मला कौतुक.
या घरातून कुणीतरी अजून बाहेर पडतंय, म्हणून.

ऑक्टोबरात उकरलं, तर बोटं.
नुसती बोटं.
जांभळी, मिशाळ, वाफाभर विखुरलेली.

इवाकिरीबाई कुंपणावरून म्हणाल्या,
"वेल उचलून उलटा नाही टाकलात?
पेरापेराला मुळं धरतो मेला,
मग कुठेच धड पोसत नाही.
फुसाए उन्हाळाभर उचलायची, दर रविवारी."

दर रविवारी.
आणि मी पडवीत पंख्याखाली,
बेसबॉलचा सामना लावून,
"अगं, किती वेळ? चहा!"

तू उठायचीस. गुडघ्यांना माती.
कधी सांगितलं नाहीस काय करत होतीस.
मी तरी कुठे विचारलं.

दोन आठवडे वर्तमानपत्रावर पसरून ठेवली,
गोडी उतरेपर्यंत. तेवढंही ठाऊक होतं.
आज मीठ टाकून वाफवली.

गोड आहेत.
सोलायला मात्र फार वेळ लागतो.
लागू दे.